समुद्र न पाहिलेल्या बाईचं चौथं प्रकरण

१९८३ सालच्या जून महिन्यात, कॉलेज उघडायच्या आदल्या सोमवारी, जेवणाच्या सुट्टीआधी माझ्या मोठ्या बहिणीवर अन्याय झाला. नागपुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, सिव्हिल विभागाच्या वरच्या मजल्यावर, टेबलावर चहा-बिस्किटं असताना झाला. कोणी तिच्यावर ओरडलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण अन्याय म्हटला की आपल्या लोकांना आरडाओरडा लागतो. मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. मी सगळं पाहिलं.

मी पत्रकं लिहिणारा माणूस. मोर्चा कशासाठी, कुठून, किती वाजता, एवढं एका कागदावर बसवायचं, ही माझी विद्या. ही गोष्ट त्या कागदावर बसली नाही. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वाया गेले. त्याचंही सांगीन. म्हणून आता लांबून लिहितो आहे.

ताई डॉक्टरेट करत होती. विषय असा, की समुद्रात तेल काढण्यासाठी जे लोखंडी प्लॅटफॉर्म उभे करतात, त्यांच्या पायांवर लाटांचा मार किती बसतो. आम्ही घरात त्या प्लॅटफॉर्मला मचाणच म्हणायचो. आणि हे सगळं नागपुरात. इथून कुठल्याही दिशेला निघा, समुद्राला पोचायला रात्र गाडीत काढावी लागते. मोहल्ल्यात हा विनोद वर्षानुवर्षं चालला. पानठेल्यावर कोणी ना कोणी विचारायचंच.

"काय गा, तुही ताई काय शिकून राहिली म्हणे?"

"लाटा."

"कोनाच्या?"

"समुद्राच्या."

"मंग इथं काहून? अंबाझरीच्या तलावात म्हैस उतरली तं जे लाट येते, तिचं करून राहिली का?"

मी चिडायचो. ताई चिडत नसे. म्हणायची, "म्हशीच्या लाटेचंही गणित तेच आहे, त्याले सांग."

आमचे बाबा गिरणीत विणकर. छप्पन साली त्यांनी इथंच दीक्षा घेतली, त्याच्या पुढच्या वर्षी ताईला शाळेत घातलं. ती शिकत गेली आणि मध्ये कोणी अडवलं नाही, असं मी पत्रकात लिहिलं नसतं, पण खरं तसंच आहे. अडवलं ते शेवटच्या दारात. डॉक्टरेटसाठी तिला कोणी मार्गदर्शक मिळेना. एक म्हणाले, लग्न होईल, सोडून जाल. एकांनी तिची जात विचारली नाही, फक्त आडनाव दोनदा विचारलं. शेवटी ज्या सरांनी तिला घेतलं, ते विभागप्रमुख, महाल या जुन्या ब्राह्मणी वस्तीतले, स्वभावानं तसे सरळ. आमच्या घरी एकदा आले होते, बाबांच्या शेजारी बसून जेवले होते. मला त्यांना राक्षस करायला आवडलं असतं. पत्रकात राक्षस सोपा पडतो.

आता लाटेचं सांगतो. ते समजल्याशिवाय अन्याय समजणार नाही, आणि मला ताईनंच हे बजावलं आहे.

पुस्तकातली लाट नागमोडी असते. जितकी वर, तितकी खाली. समुद्रात अशी एक लाट नसते, शेकडो असतात, लहान-मोठ्या, वेगवेगळ्या दिशांच्या, आणि कोणती कोणावर कधी चढेल याचा नेम नसतो. पुस्तक म्हणतं, सगळ्यांची बेरीज करा, झाला समुद्र. त्या बेरजेत लाटा एकमेकींना ओळख न दाखवता शेजारून निघून जातात. ताई म्हणायची, खऱ्या पाण्यात तसं होत नाही. तिथं त्या एकमेकींना रेटतात, ढकलतात. त्यामुळे शिखर उंच आणि टोकदार होतं, दोन शिखरांमधला खळगा उथळ आणि पसरट. माझ्या उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर ती मला हे काढून दाखवायची.

"मंग काय झालं? थोडी उंच तं उंच," मी म्हणालो होतो.

"पाण्याचा वेग दुप्पट झाला की मार चौपट बसते. थोड्याचं थोडं नाही राहत. आणि जो भाग कोरडा राहीन म्हणून धरला, तिथं पाणी लागलं तं? त्या मचाणावर माणसं राहतात बे. जेवतात, झोपतात, पत्ते खेळतात."

हे ती संगणकावर करत होती. कॉलेजात मोठा संगणक नव्हता, शहरातल्या दुसऱ्या एका संस्थेत होता. पुठ्ठ्याच्या छिद्रं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा घेऊन ती सायकलवर जायची, गठ्ठा आत द्यायची, उत्तर दुसऱ्या दिवशी मिळायचं. एक स्वल्पविराम चुकला तर दिवस गेला. आणि उत्तर दर वेळी एकच येत होतं, शिखर जास्त उंच.

पण सरांच्या टाकीतून तसं येत नव्हतं.

विभागाच्या तळमजल्यावर लाटांची टाकी होती. लांब, अरुंद, बाजूंना काच. एका टोकाला मोटारीवर हलणारी फळी, ती लाटा काढायची. दुसऱ्या टोकाला लाट गिळणारं काहीतरी लागतं, नाहीतर ती आपटून परत येते आणि सगळं मोजमाप बिघडवते. बाहेरदेशी त्याला काय काय महागडं वापरतात. आपल्या सरांनी डोकं चालवलं. उन्हाळा संपला की लोक कूलरमधल्या खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या काढून टाकतात. सरांनी त्या जमवल्या, लोखंडी चौकटीवर उतरत्या बसवल्या, अर्ध्या पाण्यात, अर्ध्या वर. लाट आली की वाळ्यात शिरून मरून जायची. फार सुंदर काम होतं. बाहेरून कोणी पाहुणा आला की आधी ते दाखवलं जायचं.

टाकीत प्रयोग व्हायचे मे महिन्यात. कारण एरवी विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिकं असतात, सुट्टीत टाकी मोकळी. काचेवर लाल रंगाची रेघ होती, तिथपर्यंत पाणी भरायचं. नागपुरात मे महिन्यात पाण्याची बोंब, म्हणून आठवड्याच्या सुरुवातीला एकदा भरून घ्यायचे आणि मोजमाप सवडीनं, आठवडा सरताना. मोजपट्टीचा शून्य लाल रेघेवर. शिखर रेघेच्या किती वर, खळगा रेघेच्या किती खाली. दर वर्षी दोन्ही सारखे यायचे. पुस्तकासारखे. सरांनी त्यावर लेख लिहिले, आणि ते आकडे मुंबईला गेले. मचाणांचा आराखडा करणाऱ्यांनी ते वापरले.

"तुझ्या प्रोग्राममध्येच कुठंतरी चूक आहे," सर ताईला म्हणायचे. तिनं ती चूक एक पावसाळा आणि एक हिवाळा शोधली. कार्ड न् कार्ड पाहिलं. रात्रीचं जेवण पुढ्यात निवायचं आणि ही कार्डं उजेडाकडे धरून बसलेली. आई म्हणायची, पोरीला कोणाची नजर लागली.

चूक प्रोग्राममध्ये नव्हती. चूक गारव्यात होती.

खसच्या ताट्यांमागे खिडकी होती. मे महिन्याची लू त्या खिडकीतून आत येऊन ओल्या खसमधून जायची. म्हणजे तो टाकीच्या टोकाला बसवलेला एक भलामोठा कूलरच होता. सगळ्या विभागात तीच एक जागा थंड. दुपारचा चहा तिथं व्हायचा, स्टुलं ओढून मंडळी तिथंच बसायची, वाळ्याचा वास घेत. कोणी म्हणायचं, काय झकास वाटतं हो इथं. आणि वाटणारच. खस टाकीतलं पाणी पीत होता आणि वारा ते उडवून नेत होता. आठवडा सरेपर्यंत पाणी लाल रेघेच्या बोटभर खाली. शिखर रेघेपासून मोजलं की बोटभर कमी भरायचं, खळगा बोटभर जास्त खोल. उंच शिखर आणि उथळ खळगा असे घासून सारखे व्हायचे. पुस्तक जिंकायचं.

ताईला हे दिसलं ते काचेवरच्या पांढऱ्या कड्यामुळे. आपल्याकडच्या बोअरचं खारं पाणी बादलीला सोडत नाही तसं काचेलाही सोडत नाही. लाल रेघेच्या खाली पांढरा थर होता, वर्षानुवर्षांचा, आडवा, सरळ. त्या काचेपाशी बसून सगळ्यांनी चहा प्यायला होता.

तिनं मोजायच्या अगदी आधी पाणी रेघेपर्यंत भरून घेतलं. शिखर वर गेलं. खळगा उथळ आला. तिच्या गणितात होतं तसंच. मग खिडकी बंद केली आणि आठवडाभर ठेवली, पाणी जवळपास जागचं हललं नाही. विभागातली मंडळी मात्र वैतागली, उकडतं म्हणून.

तिनं सरांना बोलावलं. सर स्वतः खाली आले, स्वतः वाकून काचेतून पाहिलं, स्वतःच्या हातानं मोजलं. मग म्हणाले, "हे प्रबंधात घालायचंच का?"

"सर, नाही घातलं तर माझं गणित चुकीचं ठरतं."

"तुझं चुकीचं ठरू नये, आणि माझंही ठरू नये, असं काहीतरी लिही."

तिनं खरंच प्रयत्न केला. मला तो कागद दाखवला होता, खोडून खोडून काळा झालेला. "नाही जमत," म्हणाली. "दोघांतलं एकच पाणी खरं आहे." मग तिनं चौथं प्रकरण लिहिलं. सगळ्या प्रबंधातलं लहान प्रकरण. टाकीतलं पाणी कसं आटलं, त्यानं आकडे कसे सारखे दिसले, खरे आकडे धरले तर मचाणाच्या पायावर मार किती वाढतो, आणि वरचा मजला किती उंच हवा. कोणावर ठपका नाही. सरांचे आभारही मानलेले, खसची युक्ती त्यांची म्हणून.

आता तो सोमवार.

परीक्षक मुंबईहून आले होते. हे गृहस्थ मचाणांचा आराखडा करणाऱ्यांचे सल्लागार. सरांचे आकडे ज्या आराखड्यात गेले, तो त्यांच्याच सहीचा. त्यांनाच ताईचा प्रबंध तपासायला दिला होता. हे कोणाला खटकलं नाही. या विषयातले दुसरे तज्ज्ञ आहेत कुठे, असं मला नंतर सांगण्यात आलं.

तोंडी परीक्षा खुली असते, कोणीही येऊन बसावं. मी बसलो. ताईनं आईची पांढरी साडी नेसली होती. तीन प्रकरणांवर प्रश्न झाले, तिनं उत्तरं दिली, परीक्षक मान डोलवत होते. चौथं आलं तसं त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, तुम्ही समुद्र पाहिलाय?"

"नाही, सर."

मागे कोणीतरी हसलं.

"मी रोज पाहतो. माझ्या घराच्या खिडकीतून दिसतो."

"हो, सर."

"आणि तुम्ही इथं बसून मला सांगताय, की लाट आम्ही धरतो त्यापेक्षा उंच असते."

"मी टाकीतल्या पाण्याचं सांगते आहे, सर. आणि गणिताचं. दोन्ही जुळतात."

"नागपूरच्या उन्हात पाणी आटतं. याला डॉक्टरेट द्यायची म्हणता?"

आता सगळेच हसले. विनोद चांगला होता, नाकारत नाही. चहा आणणारा शिपाईसुद्धा हसला. ताई हसणं थांबेपर्यंत थांबली.

"पाणी आटतं हे संशोधन नाही, सर. आटलेलं पाणी आपण हिशोबात धरलं नाही आणि तेच आकडे तुमच्याकडे आले, एवढंच लिहिलं आहे."

परीक्षकांनी सरांकडे पाहिलं. "तुमचं काय मत? टाकी तुमची आहे."

इथं थांबा. सगळा अन्याय या एका जागी आहे. सरांनी फक्त म्हणायचं होतं, मी स्वतः मोजलंय. तीन शब्द. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं, आणि म्हणाले, "उन्हाळ्यात थोडाफार फरक पडत असावा. प्रकरण अजून कच्चं आहे."

कच्चं.

निर्णय असा झाला, की चौथं प्रकरण काढून प्रबंध वर्षाच्या आत पुन्हा सादर करावा, पदवी देण्यास हरकत नाही. परीक्षकांनी तिचं अभिनंदन केलं. बिस्किटांची बशी पुढे केली. तिनं एक घेतलं, हातात धरून बसली.

बाहेर व्हरांड्यात सरांनी तिला गाठलं. मी दोन पावलांवर होतो.

"अगं, आधी पदवी पदरात पाड. चौथं प्रकरण कुठं पळून जातंय? दोन वर्षांनी स्वतंत्र लेख लिही, मी स्वतः सही करीन."

"तोवर ती मचाणं उभी राहतील, सर."

"तू कशाला सगळ्या समुद्राची काळजी करतेस?"

मी पुढे झालो आणि तोंडाला येईल ते बोललो. ताईनं माझं मनगट धरलं. सरांना नमस्कार केला आणि मला जिन्यावरून ओढत खाली नेलं.

घरी बाबा दारातच बसले होते. कितीतरी दिवसांनी धुतलेला सदरा घालून.

"काय झालं वं?"

"एक प्रकरण काढा म्हणतात, बाबा."

"मोठं आहे का?"

"नाही. लहान आहे."

"मंग काढून टाक नं. लहानच आहे तं."

"तेच खरं आहे, बाबा. बाकीचं सगळं त्याच्यासाठी हाये."

ताईनं विचारलं, "तुमी कापडात दोष दिसला तं काय करत होते?"

मला वाटलं आता बाबा काही तडफदार बोलतील. मला ते हवं होतं. बाबा म्हणाले, "सायबाले सांगत होतो. साहेब म्हणे जाऊ दे, तं जाऊ देत होतो. तुमी चार जणं होते नं घरी." आणि उठून आत गेले.

त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. मथळ्यात तीन उद्गारचिन्हं. जात होती, बाईपण होतं, राखीव जागा होत्या, महाल होता, मुंबई होती. सगळं खरं होतं. ताईनं उभ्या उभ्या वाचलं.

"चांगलं लिहिलं. पण याच्यात पाणी कुठं आहे बे?"

"पाण्याचं काय करतं? लोकायले काय समजते?"

"लोक म्हणतीन, बाईले पदवी नाही भेटली म्हणून रडून राहिली. मले पदवी तं ते देऊन राहिले, आजच. मी काहून नाही घेत, ते लिही."

म्हणून दुसरं लिहिलं. त्यात टाकी, खस, लाल रेघ, मचाणावरची माणसं, आणि शेवटी जातही, कारण तिला हसणं इतकं सोपं का गेलं ते मला ठाऊक आहे. ते घेऊन आमच्या संघटनेच्या बैठकीत गेलो. तिथं आपलीच माणसं. त्यांनी वाचलं आणि कागद परत माझ्याकडे सरकवला. "पहिलं छापू. हे दुसरं म्हणजे इंजिनिअरांचं भांडण झालं गा. आपला मुद्दा नाही." मी भांडलो. एक जण म्हणाला, "समुद्राचं मोर्च्यात काय घोषणा देशीन?" पुन्हा हशा. म्हणजे तिथं वरच्या मजल्यावर जसे हसले, तसेच इथं सतरंजीवरही. पहिलं मी छापू दिलं नाही. दुसरं त्यांनी छापलं नाही.

ताईनं प्रकरण काढलं नाही. वर्ष उलटलं. तिची नोंदणी रद्द झाल्याचं कळवण्यात आलं. एका तंत्रनिकेतनात अधिव्याख्यात्याची राखीव जागा होती, डॉक्टरेटवाल्याला प्राधान्य. ती मुलाखतीला जाऊन आली. ती जागा पुढं 'योग्य उमेदवार मिळाला नाही' म्हणून खुली झाली. ताई आता खाप्याच्या हायस्कुलात गणित शिकवते. सकाळच्या एसटीनं जाते, संध्याकाळी येते. कार्डांचे गठ्ठे तिनं शेजारच्या पोरांना पत्ते खेळायला देऊन टाकले. लाटांबद्दल बोलत नाही. मी विषय काढला तर म्हणते, "जेव आधी." रागावलेली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. विझल्यासारखी आहे, आणि ते घरात रोज बघावं लागतं.

टाकी अजून तिथंच आहे. मे महिन्यात चहा अजून तिथंच होतो.

मी तुमच्याकडे हळहळ मागत नाही. हळहळ आम्हाला भरपूर मिळाली, जातीतही आणि जातीबाहेरही. मला तुमच्याकडून एक पोस्टकार्ड हवं आहे. नागपूर विद्यापीठाच्या कुलगुरूंना लिहा. सिव्हिल विभागातून चौथ्या प्रकरणासाठी परत पाठवलेल्या प्रबंधाची पुन्हा परीक्षा घ्या, संपूर्ण घ्या, आणि ज्याची स्वतःची सही त्या आराखड्यांवर नाही अशा परीक्षकाकडून घ्या. एवढंच लिहा, जास्त नको. तुम्हाला समुद्र कळतो की नाही, हे कोणी विचारणार नाही. विचारलंच तर सांगा, नाही कळत, म्हणूनच तपासा म्हणतो. खाली आपलं पूर्ण नाव आणि गाव घाला, निनावी कार्ड ते फाडतात. आणि उद्यावर टाकू नका. आजच लिहा, आजच पेटीत टाका.